बर्फ पडला, गोल्फ बंद: नोव्हेंबर ते मार्च गोल्फरने काय काय करायचं

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात आणि आम्हा शिकागोकडच्या गोल्फवाल्यांचा सीझन तिथेच आटोपतो. ऑफिस सुटल्यावर पटकन नऊ होल खेळून यायची सोय जाते, डिसेंबरात तर साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि इलिनॉयमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) स्कोअरसुद्धा पोस्ट होत नाही. पाच महिने! ज्याला या खेळाचं वेड लागलंय त्याला हे पाच महिने किती जड जातात ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

माझे इथले पहिले दोन हिवाळे नुसते टीव्हीवर टुर्नामेंट बघण्यात गेले. एप्रिलमध्ये मैदानावर उतरलो की आधीच्या वर्षी कमावलेलं सगळं गेलेलं असायचं, आणि ते परत मिळवण्यात जूनचा अर्धा महिना संपायचा. मग हळूहळू एक गोष्ट डोक्यात बसली, की थंडीत जे जमणार नाही त्याच्यामागे पैसे ओतत बसण्यापेक्षा घरात जे जमतं ते रोज थोडं थोडं करायचं, आणि घरात सगळ्यात चांगलं जमतं ते पटिंग, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल घरंगळवत होलात घालणं. बाकीची कामंही आहेतच, ती ओळीने सांगतो.

पहिलं काम: बॅग गॅरेजमधून घरात आणा

शेवटचा राऊंड झाला की बॅग गॅरेजमध्ये टेकवायची आणि विसरून जायचं, असं मी एका वर्षी केलं. एप्रिलमध्ये काढली तर क्लबच्या (खेळायच्या काठ्यांच्या) ग्रिप्स, म्हणजे मुठी, कडक आणि गुळगुळीत झालेल्या, दोन वेजवर (जवळच्या शॉटच्या क्लबवर) गंज, आणि अंतर मोजायच्या रेंजफाइंडरमधला सेल फुटून आत पांढरं काहीतरी साचलेलं. म्हणून त्याच आठवड्यात बॅग घरात घ्या आणि पूर्ण रिकामी करा, अगदी टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) आणि मार्करच्या छोट्या खिशापर्यंत. ओला टॉवेल, ओला ग्लव्ह तळाशी राहिला तर अख्ख्या बॅगेला वास मारतो.

क्लबचे चेहरे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. फक्त डोकी पाण्यात बुडवून ठेवू नका, जिथे शाफ्ट, म्हणजे दांडा, डोक्यात बसतो त्या सांध्यात पाणी जायला नको. लगेच कोरडं पुसा आणि वेजवरून तेलाचं बोट फिरवा. इलेक्ट्रिक ट्रॉली असेल तर लिथियमची बॅटरी काढून साधारण अर्धी चार्ज करून घरात ठेवा.

ग्रिप बदलायच्या तर आत्ताच

वर्षाला ३०-४० राऊंड खेळणाऱ्याने दरवर्षी ग्रिप बदलाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. गुळगुळीत ग्रिप आपण नकळत घट्ट धरतो, मग मनगटं आणि खांदे आखडतात आणि आपण महिनाभर स्विंगमध्ये चूक शोधत बसतो. दुकानात करून मिळतं, पण घरी करणं अवघड नाही आणि बेसमेंटमध्ये एक रविवार फार छान जातो.

हुक ब्लेडने, म्हणजे पुढे आकड्यासारखं पातं असलेल्या कटरने, जुनी ग्रिप आपल्यापासून लांबच्या दिशेला चिरत न्या. साधं सरळ पातं ग्राफाइट शाफ्टला लावू नका, शाफ्टवर चरा पडला तर तो तिथूनच मोडतो. खालची जुनी टेप खरवडून काढा, शाफ्ट पुसा, नवी डबल साइड टेप लावा आणि वरच्या टोकाला अर्धा इंच टेप जास्त ठेवून ती पोकळ शाफ्टच्या आत दुमडा. आता नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक टी खुपसून बंद करायचं, आत सॉल्व्हंट ओतायचं, दुसऱ्या तोंडावर अंगठा ठेवून खळखळ हलवायचं आणि तेच सॉल्व्हंट टेपवर ओतायचं, की लगेच न थांबता एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकलायची, मधे थांबलात तर ती तिथेच चिकटते आणि मग सगळं परत पहिल्यापासून. सरळ बसली का ते क्लब जमिनीवर टेकवून बघा, मिनिटभर ती थोडी फिरवता येते. रात्रभर वाळू द्या.

एक काळजी मात्र नक्की घ्या. सॉल्व्हंट पेट घेतं. बेसमेंटमध्ये फर्नेस किंवा वॉटर हीटर चालू असेल तर त्याच्याजवळ हे काम करू नका, खिडकी उघडा, थंडी वाजली तरी चालेल.

रोज दहा मिनिटं पटिंग, आणि यात सुट्टी नाही

गोल्फचं होल सव्वाचार इंचाचं, म्हणजे १०.८ सेंटीमीटरचं असतं आणि बॉल ४.२७ सेंटीमीटरचा. आपल्या घरातला साधा स्टीलचा पेला तोंडाशी सात-आठ सेंटीमीटर भरतो. तो गालिच्यावर आडवा ठेवा आणि त्यात पट मारा. पेला खऱ्या होलपेक्षा लहान असल्यामुळे नेम आपोआप बारीक होतो, आणि बॉल आत गेल्यावर जो टण्ण आवाज येतो ना, तो मला जानेवारीच्या काळोखात फार धीर देतो. बायकोने एक पेला माझ्यासाठी कायमचा बाजूला काढून दिलाय.

आधी जमीन सपाट आहे का बघा. त्याच रेषेवर बॉल हळूच एकदा इकडून आणि एकदा तिकडून सोडायचा, दोन्ही वेळा एकाच बाजूला वळला तर जागा बदला. जागा मिळाली की रंगकामाची टेप तीन, चार, पाच आणि सहा फुटांवर लावून ठेवा. बॉलपुढे हातभर अंतरावर दोन सेल उभे करायचे, मधे बॉल जेमतेम निघेल एवढंच अंतर. सेलला धक्का लागला म्हणजे पटरचा (पटिंगच्या क्लबचा) चेहरा वाकडा होता, एवढं साधं. तीन फुटांवरून सलग २० गेल्याशिवाय चार फुटांवर जायचं नाही आणि चुकला की पुन्हा एकपासून मोजायचं. अठरावा, एकोणिसावा पट मारताना हात कसे जड होतात ते बघा, शनिवारच्या मॅचमध्ये शेवटच्या होलवर होतात अगदी तसेच.

पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांमधले) प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, त्यामुळे घरात लांबचे पट मारत बसण्यात अर्थ नाही. आपला स्कोअर वाढतो तो तीन ते सहा फुटांत, आणि तेवढी जागा कुठल्याही हॉलमध्ये निघते.

गालिच्याचा एकच तोटा, तो बहुतेक वेळा ग्रीनपेक्षा हळू असतो, मग जोरात मारायची सवय लागते आणि एप्रिलमध्ये बॉल होलच्या चार फूट पुढे. परवडत असेल तर चांगली पटिंग मॅट घ्या. या सगळ्या हिवाळी खर्चात माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च तोच.

स्विंगमध्ये एकच गोष्ट बदला

नोव्हेंबरमध्ये एखाद्या शिकवणाऱ्या प्रोकडे एक लेसन घ्या आणि त्याला सरळ विचारा, की माझी एकच चूक दुरुस्त करायची असेल तर कुठली. त्याने पाच सांगितल्या तरी एकच लिहून घ्या. हिवाळ्यात बॉल कुठे गेला हे दिसत नाही हा खरंतर मोठाच फायदा आहे, कारण सीझनमध्ये आपण नवीन काही करायला जातो, दोन बॉल झाडीत जातात आणि आपण घाबरून लगेच जुन्यावर येतो. इथे झाडीच नाही.

संध्याकाळी पाच वाजता बाहेर मिट्ट काळोख असतो, त्यामुळे मागच्या पॅटिओचं काचेचं दार आरशासारखं दिसायला लागतं. मी तिथे आठ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घेऊन उभा राहतो आणि बॅकस्विंग इतका सावकाश करतो की वर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. वर थांबायचं, काचेत मनगट बघायचं, खाली यायचं. असं ३० वेळा. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घरात फिरवू नका, साधारण १० फुटांचं छत नसेल तर वर काहीतरी फुटतंच. फेब्रुवारीत त्याच प्रोला पुन्हा दाखवा.

सिम्युलेटर: करमणूक वेगळी, अभ्यास वेगळा

इथे आता जागोजागी सिम्युलेटर (पडद्यावर बॉल मारून आत बसून खेळायची सोय) झालेत, चौघांनी मिळून तास घ्यायचा, कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध पेबल बीच कोर्स खेळायचा, मजा येते आणि जरूर जावं. पण त्यातला एक तरी तास एकट्याने घ्या आणि कोर्स न लावता फक्त रेंज (सरावाचं मैदान) लावा. प्रत्येक क्लबने दहा बॉल मारायचे, त्यातले सगळ्यात लांब दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्यायचे आणि उरलेल्या सहांचं कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर) वहीत लिहायचं. मला वर्षानुवर्षं वाटायचं की माझं सात नंबर १५० यार्ड जातं. ते १३८ जात होतं. त्या एका आकड्याने पुढच्या सीझनला माझे कितीतरी ग्रीन सापडले.

हे आकडे उबदार खोलीतले असतात हेही लक्षात ठेवा. तापमान १० डिग्री फॅरेनहाइटने उतरलं की ड्रायव्हरचा बॉल साधारण दोन यार्ड आखूड पडतो, त्यामुळे एप्रिलच्या गार सकाळी एक नंबर लांबचा क्लब घ्यावाच लागतो. सिम्युलेटरमधलं पटिंग मात्र मनावर घेऊ नका.

आणि मॅट बघून घ्या. एका इनडोअर रेंजवर सिमेंटवर अंथरलेल्या झिजलेल्या पातळ मॅटवरून मी डिसेंबरभर आयर्न मारले आणि कोपराच्या आतल्या बाजूला जे दुखणं लागलं ते मे महिन्यापर्यंत गेलं नाही. टाचेने मॅट दाबून बघायची, खाली कडक लागली तर बॉल छोट्या टीवर ठेवून मारा नाहीतर दुसरी जागा शोधा.

अंग मोकळं ठेवा

जिम लावा, नका लावू, पण सकाळी १२ सूर्यनमस्कार घालाच. गोल्फमध्ये वळायचं असतं ते कमरेच्या खालच्या मणक्यातून नाही, खुब्यातून आणि छातीच्या मागच्या मणक्यातून, आणि दिवसभर खुर्चीत बसून नेमकं तेच आखडतं. त्याच्या जोडीला एक गुडघा जमिनीवर टेकवून, खांद्यांवर काठी आडवी धरून दोन्ही बाजूंना सावकाश दहा-दहा वेळा वळायचं.

बर्फ उपसताना जपा. मी तर म्हणेन इथल्या गोल्फरची पाठ स्विंगपेक्षा फावडं जास्त बिघडवतं. बर्फ उचलून खांद्यावरून मागे फेकू नका, ढकलत कडेला न्या, पाय वळवून अख्खं अंग वळवा आणि दर पाच मिनिटांनी हात बदला.

मधेच ऊन पडलं तर

फेब्रुवारीतही एखादा दिवस ५० डिग्री फॅरेनहाइटचा निघतो आणि ग्रुपवर मेसेज येतात. जा, नक्की जा. फक्त सकाळी कोर्सवाल्यांनी फ्रॉस्ट डिले (दव गोठल्यामुळे खेळ उशिरा सुरू करणं) सांगितला तर वाद घालू नका, गोठलेल्या गवतावर पाय पडला की त्याच्या पेशी फुटतात आणि ते पाऊल पुढे कितीतरी दिवस तपकिरी दिसतं. जमीन टणक असते, म्हणून ग्रीनच्या बऱ्याच आधी बॉल टप्पा खाऊ द्या. बॉल रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि हँड वॉर्मरने बॉल गरम करून मारणं नियमात बसत नाही, हात मात्र खुशाल शेका.

डिसेंबरात घरी जाणार असाल तर

आपल्यापैकी बरेच जण नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला जातात आणि तेव्हाच तिकडे गोल्फची खरी मजा असते, आपला ऑफ सीझन तोच त्यांचा उत्तम सीझन. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, बावधनचं ऑक्सफर्ड, चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी. ओळखीच्या मेंबरला महिनाभर आधी फोन करून ठेवा. शूज आणि ग्लव्ह न्या, क्लब भाड्याने किंवा मित्राकडून मिळतात.

कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा सोबती) जरूर घ्या आणि त्याचं ऐका. शिकागोकडे ग्रीनवर बहुतेक बेंट गवत, तिकडे बर्म्युडा, आणि बर्म्युडाचं गवत एका दिशेला झुकलेलं असतं. मागच्या वेळी उतार बघून मला पट होलच्या डावीकडे मारावा असं वाटत होतं, कॅडीदादा शांतपणे म्हणाले, "साहेब, उजवीकडच्या काठावर मारा, गवत तिकडून ओढतंय." मी माझंच खरं केलं आणि बॉल डावीकडून निघून गेला. पुढच्या होलपासून ते सांगतील तसं. गवत चकाकताना दिसलं तर ते पुढे झुकलंय, बॉल पळणार, गडद दिसलं तर आपल्याकडे झुकलंय, थोडं जोरात मारायचं.

तिकडे सीझन चालू असतो म्हणून ते स्कोअर हँडिकॅपला पोस्ट करायचे असतात, इथला सीझन बंद असला तरी.

मार्चचे शेवटचे दोन आठवडे

रेंज उघडली की पहिल्या दिवशी शंभर बॉलची बादली घेऊ नका, पन्नास पुरेत. पहिले २० वेजने अर्ध्या स्विंगचे, मग २० आयर्नचे, आणि उरलेले दहा आयर्ननेच, पण प्रत्येक बॉलला वेगळं टार्गेट धरून, मधे अर्धा मिनिट थांबून. ड्रायव्हर दुसऱ्या खेपेला काढा. सिम्युलेटरची वही बॅगेच्या वरच्या खिशात टाका, रेंजफाइंडरला नवा सेल घाला, आणि १ एप्रिलनंतरच्या पहिल्या शनिवारचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आजच बुक करून ठेवा, कारण शिकागोतले सगळेच त्याच्यावर टपून बसलेले असतात.