पोट्टे घेऊन नागपूरच्या गोरेवाडा झूले जायचंय? मंग हे वाचून निघा

पहिलं म्हणजे सोमवारी निघू नका, बंद राह्यते, आमचं अख्खं कुटुंब डबे घेऊन गेटवरून वापस आलंय एकदा. गोरेवाड्याचं झू २६ जानेवारी २०२१ ले सुरू झालं अन् काटोल रोडनं येणाऱ्यांले तं भर शहरात घुसायचीबी गरज नाही. सकाळचीच एसटी पकडा, ऊन चढलं का वाघ-बिबट सावलीत जाऊन पडते मंग सफारीच्या बसमधून नुसतं गवत पाहत बसा.

सफारी झूच्याच बसमधून होते, खिडकीची जागा पोट्ट्यांले द्या. वाघ, बिबट, अस्वल अन् नीलगाई-हरणं याईचे भाग वेगवेगळे. आमच्या टायमाले अस्वल गाडीच्या अगदी बाजूले, वारुळात तोंड खुपसून फुर्र फुर्र वाळवी ओढत होतं, लहाना पोट्टा वाघ इसरला पण ते फुर्र अजून काढून दाखवते!

भाकर-ठेचा गाडीत काढू नका, बाहेर येऊन खा. पाणी दोन बाटल्या जास्तच घ्या, उन्हाळ्यात तं जाऊच नका बापा. अन् टाइम उरला तं शहरातलं महाराजबाग झू आहेच, कृषी विद्यापीठाचं, लहान पण झाडं लय जुनी.