कामावरचा माणूस गेला तर पीएफ ऑफिसात काय काय मागायचं

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसात, मी पीएफचे कागद बघते. कामगार गेला की तेरावा उरकल्यावर घरचं कुणीतरी येतं. बहुतेक वेळा दीर, नाहीतर मेहुणा. "मॅडम, दादाचा पीएफ काढायचा होता." पेन्शनचं नाव कुणी काढत नाही, विम्याचं तर नाहीच. त्यांचा तरी काय दोष? पगाराच्या स्लिपवर कपात एकच दिसते.

खरं तर मागायच्या गोष्टी तीन आहेत: पीएफ, पेन्शन आणि विमा. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के (जास्तीत जास्त १५,००० पगारावर, म्हणजे १,२५० रुपये) १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. शिवाय अर्धा टक्का मालक विम्यासाठी भरतो. त्या योजनेला आमच्याकडे सगळे ईडीएलआय म्हणतात. त्यासाठी कामगाराचा एक पैसाही कापला जात नाही, म्हणून ती कुणाला माहीतही नसते.

पीएफ म्हणजे खात्यावर जमा असलेली रक्कम व्याजासकट, तिथे हिशोब सरळ आहे. विम्याचा हिशोब असा: शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार (बेसिक आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, १५,००० पर्यंत) गुणिले ३५, अधिक त्याच काळात पीएफ खात्यावर सरासरी जेवढी शिल्लक होती तिच्या निम्मे. हा निम्मा भाग १,७५,००० च्या वर जात नाही. समजा पगार १२,००० आणि सरासरी शिल्लक २,४०,००० असेल, तर ४,२०,००० अधिक १,२०,०००, म्हणजे ५,४०,०००. वरची मर्यादा ७ लाख. सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर अडीच लाखांपेक्षा कमी मिळत नाहीत. वर्ष भरायच्या आत माणूस गेला तर २०२५ च्या बदलानंतर किमान ५०,००० मिळतात.

"पण तो तर घरी वारला, कंपनीत नाही," असंही लोक म्हणतात. त्याने काही फरक पडत नाही. रजेवर असो, गावच्या जत्रेत असो, दवाखान्यात असो, हजेरीपटावर नाव असताना मृत्यू झाला की तो नोकरीतलाच मृत्यू. पेन्शनला दहा वर्षं लागतात हेही अर्धवट ऐकलेलं आहे. ती अट स्वतः निवृत्त होणाऱ्यासाठी. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन लागते, महिन्याला कमीत कमी १,००० रुपये. बाई कामगार असेल तर तिच्या नवऱ्यालाही तसंच. नवरे मात्र कधी विचारायला येत नाहीत.

पत्नीबरोबर मुलांनाही मिळते, एकेकाला तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. तिला ३,२०० बसले तर दोन मुलांना ८००-८००. एका वेळी दोनच मुलं, थोरल्यापासून धाकट्याकडे, वयाच्या पंचविशीपर्यंत. थोरल्याचं वय झालं की तिसऱ्याचं सुरू. अपंग मुलाला आयुष्यभर. पत्नीने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते, पण मुलांना अनाथ पेन्शन सुरू होते, तिच्या पेन्शनच्या ७५ टक्के दराने. म्हणून लग्नाची गोष्ट लपवू नका. लपवून नंतर वसुली निघण्यापेक्षा मुलांचं नीट सुरू झालेलं बरं.

आता भांडणाचा विषय, नॉमिनी. माझा निम्मा वेळ यातच जातो.

पेन्शन नॉमिनीची नसते, कुटुंबाची असते. पत्नी किंवा मुलं हयात असताना नॉमिनी कुणीही लिहिलेला असो, पेन्शन त्यांचीच. सासूबाई कितीही म्हणाल्या की माझं नाव आहे, तरी. पीएफ आणि विमा मात्र नॉमिनेशनप्रमाणे जातात, तेही नॉमिनी नियमातल्या कुटुंबातला असेल तरच. पुरुष कामगाराच्या बाबतीत कुटुंब म्हणजे पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील आणि वारलेल्या मुलाची पत्नी व मुलं. भाऊ-बहीण त्यात नाहीत. लग्नाआधी, कुटुंब नसताना, भावाचं नाव लावलं असेल तर लग्न झालं की ते आपोआप रद्द. हे दिराला सांगताना मी फॉर्मवरची ओळच पुढे करते, माझ्या तोंडाकडे बघू नका म्हणते.

नॉमिनेशनच नसेल तर पीएफ कुटुंबात सारखा वाटला जातो, पण सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या लग्न झालेल्या मुली वगळून. अविवाहित मुलगा गेला आणि नॉमिनीही नसेल, तर पेन्शन अवलंबून असलेल्या वडिलांना, त्यांच्यानंतर आईला.

फॉर्म पूर्वी तीन होते: पीएफचा वीस नंबर, पेन्शनचा दहा डी आणि विम्याचा पाच आयएफ. आता मृत्यूच्या प्रकरणात एकच एकत्रित फॉर्म चालतो. त्यावर तिन्ही चौकटींत टिक करा. एकच केली तर ऑफिस एकच देतं, बाकीचं कुणी आठवण करून देत नाही. मयताने हयातीत ई-नॉमिनेशन (ऑनलाइन नॉमिनी लावणं) केलेलं असेल तर नॉमिनीला स्वतःच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन पीएफच्या पोर्टलवरूनही क्लेम टाकता येतो.

सोबत लागतं: मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, मुलांच्या वयाचे दाखले, फोटो, आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र बँक खात्याचा कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकाची प्रत. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वाट्यासाठी पूर्वी कोर्टाचा पालकत्व दाखला मागायचे. ऑगस्ट २०२५ पासून रक्कम थेट मुलाच्या नावच्या खात्यात जाणार असेल तर त्याची गरज नाही. तेव्हा मुलांची खाती आधी उघडा.

क्लेम अडकतो तो बहुतेक नावांवर. बाईच्या आधारवर माहेरचं नाव, नॉमिनेशनमध्ये सासरचं, पासबुकावर तिसरंच. दाखल्यावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग यूएएनपेक्षा (म्हणजे त्याच्या पीएफच्या कायमच्या नंबरावरच्या नोंदीपेक्षा) वेगळं. फॉर्म देण्याआधी सगळे कागद जमिनीवर पसरून एकेक अक्षर ताडून बघा. यूएएनमध्ये चूक असेल तर मृत्यूनंतरही वारसांना जॉइंट डिक्लेरेशन म्हणजे दुरुस्तीचा अर्ज देऊन दुरुस्ती करता येते. दुसरं म्हणजे कंपनीला विचारा, नोकरी सोडल्याचं कारण काय भरलंय? "डेथ इन सर्व्हिस" हवं, आणि तारीख दाखल्यावरचीच. नुसतं नोकरी सोडली असं भरलं असेल तर विमा तिथेच अडकतो.

कंपनी बंद पडली असेल किंवा मालक सही देत नसेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरची सही चालते. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर पीएफ ट्रस्टकडून घ्यायचा, पेन्शन तरीही पीएफ ऑफिसकडूनच. कागद पूर्ण असतील तर वीस दिवसांत निकाल लागायला हवा. नाही लागला तर ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर तक्रार टाका. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी जीवन प्रमाणपत्र द्यायचं, ते कुठल्याही महिन्यात चालतं.

पीएफ ऑफिसशी संबंध नसलेलं आणखी थोडं आहे. ग्रॅच्युइटी कंपनीकडून मागा, मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट लागत नाही. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत मिळतात. आणि मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल तर अवलंबितांना ईएसआयसीकडूनच पगाराच्या ९० टक्के दराने दरमहा वेगळी रक्कम मिळते, त्यासाठी अपघाताचा रिपोर्ट कंपनीने पाठवलाय की नाही ते पहिल्याच आठवड्यात विचारा.