कर्णाची पर्यायी कथा लिहिताय? या चुका टाळा

महाभारतावर फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या कथेवर चाहत्याने रचलेली नवी कथा, लिहायला बसलेला मराठी लेखक कधी ना कधी एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: कर्णाने कृष्णाचे ऐकून पांडवांची बाजू घेतली असती तर? प्रश्न चांगला आहे. मात्र तो आपल्यालाच प्रथम सुचला असे समजून जो लेखणी उचलतो, त्याची पहिली चूक तिथेच होते, कारण हा पर्याय उद्योगपर्वात आधीच मांडून, तपासून आणि नाकारून झालेला आहे. शिष्टाई फसल्यावर परतीच्या वाटेवरचा कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो, त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि राज्याभिषेकाचे सगळे चित्र त्याच्यापुढे उभे करतो. भीम छत्र धरील, अर्जुन रथ हाकील, युधिष्ठिर सेवेला उभा राहील, आणि पाच पांडवांनंतर सहाव्या काळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल.

यावर कर्ण जे उत्तर देतो ते न वाचता लिहिलेल्या कथा पाचव्या पानावरच गडगडतात. मला पाहताच राधेला पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, सूतकुळातल्या स्त्रियांशी माझे विवाह झाले, मुले-नातवंडे झाली आणि दुर्योधनाच्या आश्रयाने मी तेरा वर्षे राज्य भोगले, असे तो एकेक कारण मांडतो. वर तो कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्या हाती आलेच तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे बाजू बदलूनही राज्य पुन्हा दुर्योधनाकडेच जाते. तुमच्या कथेतला कर्ण ‘मला माझी माणसे मिळाली’ म्हणत पांडवांच्या छावणीत रडत शिरत असेल, तर आधी या प्रत्येक कारणाचे तुम्ही काय केले ते वाचकाला दिसायला हवे.

उपाय सोपा नसला तरी स्पष्ट आहे. बदल उद्योगपर्वात करू नका, त्याच्या बराच आधी करा आणि एकच करा. समजा, हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कृपाचार्याने कर्णाचे कुळ विचारल्यावर दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिलेच नाही, आणि कर्ण मान खाली घालून अधिरथाबरोबर घरी गेला. आता मैत्रीचे ऋण उरले नाही, हे खरे. पण अर्जुनाला तोडीस तोड उत्तर आपल्याजवळ आहे हा दुर्योधनाचा विश्वासही त्याबरोबर गेला. ज्याला हा भरवसा नाही तो सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही असे इतक्या ठामपणे म्हणेल काय? कदाचित तो पाच गावे देऊन मोकळा होईल, आणि मग तुमच्या कथेत अठरा दिवसांचे युद्धच उरणार नाही. पुष्कळ लेखक इथे घाबरतात आणि युद्ध तर हवेच म्हणून दुर्योधनाला विनाकारण अविचारी करून टाकतात. युद्ध जात असेल तर जाऊ द्यावे. युद्धाविना उरलेले हस्तिनापूर, जिथे कुंती रोज त्या सारथ्याच्या मुलाला रस्त्याने जाताना पाहते, ही मला तरी अधिक अवघड आणि म्हणून अधिक लिहिण्याजोगी गोष्ट वाटते.

दुसरी मोठी चूक म्हणजे आपण नेमक्या कोणत्या महाभारताला फाटा फोडत आहोत हे न ठरवणे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध झाली. मयसभेत द्रौपदीने दुर्योधनाला मारलेला ‘आंधळ्याचा मुलगा’ हा टोमणा तिच्यात नाही, आणि स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ हे तिचे उद्गारही मुख्य संहितेतून तळटिपेत गेले आहेत. दूरदर्शनच्या मालिकेवरून पाठ झालेले प्रसंग व्यासांच्या नावावर खपवले की जाणकार वाचक तिथेच पान मिटतो. याचा अर्थ चिकित्सक आवृत्तीबाहेर पाऊल टाकू नये असा मुळीच नाही. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा होती असे सांगणारे आपले जांभूळ आख्यान तिथे कुठे आहे? पण आख्यानातली द्रौपदी घेतली तर ती शेवटपर्यंत तीच ठेवावी.

इथेच एक व्यावहारिक खड्डाही आहे. महाभारत कुणाच्या मालकीचे नाही. मात्र व्यासांनी कर्णाच्या पत्नीचे नाव कुठे दिलेले नाही, आणि मराठी वाचकाच्या मनात ठसलेली वृषाली ही ‘मृत्युंजय’मधली आहे. शिवाजी सावंतांचे निधन २००२ साली झाले आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, तेव्हा त्या कादंबरीतले प्रसंग आणि संवाद आपले समजून उचलता येत नाहीत.

माझीच एक फजिती सांगतो. पहिल्याच कथेत मी दुसऱ्या दिवशीच्या युद्धात भीष्मांच्या शेजारी कर्णाचा रथ उभा केला आणि दोघांचा मोठा भावपूर्ण संवाद लिहिला. शेजारच्या निवृत्त संस्कृत शिक्षिकेने तो वाचून एवढेच विचारले, “अरे, हा पहिले दहा दिवस रणात होता कुठे?” भीष्मांनी अर्धरथी, म्हणजे अर्ध्याच योग्यतेचा रथी, म्हटल्यामुळे, ते सेनापती असेपर्यंत लढणार नाही असे कर्णाने जाहीर केले होते. सोळा पाने रद्द झाली. तेव्हापासून मी लिहिण्याआधी घटनाक्रमाचा एक कागद भिंतीवर लावतो.

आवडत्या पात्राचे डाग धुऊन टाकणे हा दोष तर सार्वत्रिक आहे. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढून घ्या असे दुःशासनाला सांगणारा कर्णच होता; हा प्रसंग गाळून उरतो तो फक्त गोंडस, अन्यायग्रस्त तरुण. तसेच लेखकाच्याच वयाची, सर्वशास्त्रनिपुण आणि सगळ्यांना आवडणारी नवी नायिका हस्तिनापुरात आणू नये. अशा पात्राला इंग्रजी चाहतावर्गात ‘मेरी सू’ म्हणतात. १९७३ साली ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या एका नियतकालिकात आलेल्या विडंबनातून हे नाव रूढ झाले. पांडवांच्या वनवासातल्या काम्यकवनातल्या स्वयंपाकात हिरवी मिरची आणि बटाटाही नको, ही दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आली.

भाषेत मात्र खरी गफलत ‘आर्यपुत्र’ आणि ‘हे माते’ यांच्या माऱ्याने होते, कारण त्यात सगळे एकाच आवाजात बोलू लागतात. त्याऐवजी कोण कर्णाला कोणत्या नावाने हाक मारतो एवढेच नीट सांभाळावे. गंगाकाठी भर उन्हात कुंती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत जप संपण्याची वाट पाहत उभी राहते. आपण कोण हे तोवर त्याला ठाऊक झालेले आहे, आणि तरीही वळून नमस्कार करताना तो स्वतःची ओळख राधेचा आणि अधिरथाचा मुलगा अशीच करून देतो. तिचे पहिले वाक्य असते की तू राधेय नाहीस, कौंतेय आहेस.