शेतात जुनी हाडं निघाली तर काय करायचं, आणि त्यातून माणूस कसा वाचायचा

आपल्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांचे गोल, इतके आहेत की गावात कोणाला त्याचं विशेष वाटत नाही. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, दगड पाहिजे म्हणून लोक उचलून नेतात, नाहीतर गुप्तधनाच्या नादात कोणी रात्री येऊन मधोमध खड्डा करून जातं. नागपूरजवळच्या जुनापाणीला असे जवळपास ३०० गोल आहेत, तिथं रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये खोदून पाहिलं होतं आणि नंतर १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी रीतसर उत्खनन केलं. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, खैरवाडा ही सगळी त्याच काळातली ठिकाणं, मोटामोटी इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. म्हणजे ही आपल्याच मातीत पुरलेली माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं एक अक्षर नाही, जे काही आहे ते हाडं, भांडी आणि लोखंड एवढंच. म्हणून ज्या पोरापोरींना हा जुन्या हाडांच्या अभ्यासाचा विषय करायचा आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहून राहिलो.

सगळ्यात आधी, शेततळं खोदताना किंवा जेसीबीनं लेव्हल करताना हाड दिसलं तर मशीन बंद करायची. हाड उचलायचं नाही, पुसायचं नाही, पाण्यानं तर अजिबात धुवायचं नाही. मोबाईलमध्ये दोन-चार फोटो काढा, एक लांबून म्हणजे आजूबाजूचं झाड, विहीर, धुरा दिसेल असा आणि एक जवळून, बाजूला पट्टी नाहीतर पेन ठेवून. लोकेशन सेव्ह करा पण फेसबुकला, ग्रुपवर टाकू नका, गुप्तधनवाले त्याच रात्री पोचतात. मग पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला सांगायचं, कारण हाड जुनं की कालपरवाचं हे नुसत्या डोळ्यानं ठरवू नये, ते पोलिसांनी पाहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. जुनं निघालं तर पुरातत्त्व खातं. परवान्याशिवाय स्वतः उत्खनन करायचं नाही, मग शेत तुमच्या नावावर असलं तरी.

आणि अजून एक काम, जे बरेच संशोधक शेवटी करतात पण पहिलं पाहिजे. गावाशी बोलणं. गडचिरोलीत माडिया लोक आजही मेलेल्यांच्या नावानं दगड उभे करतात, त्यांच्यासाठी असा दगड म्हणजे घरातलं माणूस आहे. त्यामुळे ग्रामसभेत विषय मांडा, भूमक, भूमिया, पेरमा असे गावचे जे कोणी पुजारी असतील त्यांना विचारा, हाडं कुठं जाणार, किती दिवस, परत येणार की नाही हे स्पष्ट सांगा आणि ते नाही म्हणाले तर ते नाही ऐकून घ्या. जगात याच्यावरून मोठी भांडणं झालीत. अमेरिकेत १९९६ मध्ये केनेविक इथं एक जुना सांगाडा सापडला, तिथले आदिवासी म्हणत होते की हा आमचा पूर्वज आहे, शास्त्रज्ञ कोर्टात गेले, २०१५ मध्ये डीएनएनं तो अमेरिकेतल्या मूळ आदिवासींपैकीच असल्याचं दाखवलं आणि शेवटी २०१७ मध्ये तिथल्या आदिवासींनी त्याला परत मातीत ठेवलं. आपल्याकडच्या नागा लोकांच्या पूर्वजांचे अवशेष आजही ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहेत आणि ते घरी आणायची बोलणी चालू आहेत. इंग्रजांच्या काळात रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी जिवंत माणसांची नाकं मोजून जाती-जमातींची उतरंड लावली, हा इतिहास गावकऱ्यांना पुस्तकातून माहीत नसेल पण मोजमापाची पट्टी घेऊन आलेल्या माणसाबद्दलचा अविश्वास खरा आहे आणि त्याला कारण आहे.

आता प्रत्यक्ष खोदकाम, म्हणजे टीममध्ये संधी मिळाली तर. आपली काळी माती हाडांची बैरी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की आतल्या हाडाचे बारीक तुकडे होतात. म्हणून विदर्भातल्या गोलांमध्ये अख्खा सांगाडा कमी मिळतो, तुकडे जास्त. दुसरं म्हणजे त्याच भेगांतून वरची वस्तू खाली पडते, त्यामुळे बांगडीचा तुकडा हाडाशेजारी सापडला म्हणजे तो त्याच काळाचा असं लगेच लिहू नका, माती सलग आहे का भेग भरलेली आहे ते आधी पाहा. लोखंडी अवजार हाडाला लावू नका, बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश वापरा. वर हिरवी जाळी बांधून सावली करा, ओलं हाड एकदम उन्हात सुकलं तर त्याचे पापुद्रे सुटतात. फार नाजूक असेल तर मातीसकट ठोकळा कापून उचलायचा आणि माती लॅबमध्ये काढायची. फेविकॉल, वॉर्निश काही लावू नका, पुढच्या सगळ्या टेस्ट खराब होतात. पोटाच्या आणि कमरेच्या जागची माती वेगळी भरून चाळायची, तिथं पोटातल्या बाळाची काडीएवढी हाडं असू शकतात, जंतांची अंडीसुद्धा.

डोकं कुठल्या दिशेला, हातपाय कसे, भांडी कुठं ठेवलेली, हे सगळं हाड उचलायच्या आधी कागदावर काढायचं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली होती आणि लहान लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली ठेवलेली होती. नुसती हाडं पेटीत भरून आणली असती तर यातलं अर्ध्याहून जास्त कळलंच नसतं.

लॅबमध्ये पहिला प्रश्न, माणसाचं हाड आहे का? हा प्रश्न साधा वाटतो पण माहुरझरीला घोडेपण पुरलेले सापडलेत, तांब्याच्या साजासकट. मग किती माणसं? तुकड्यांवरून मोजायची रीत अशी, की डाव्या मांडीच्या हाडाची तीच बाजू तीनदा आली तर कमीत कमी तीन माणसं. वय लहान मुलांचं दातावरून चांगलं कळतं, पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, अक्कलदाढ अठराच्या आसपास किंवा पुढं. तरुणांमध्ये गळपट्टीच्या हाडाचं (कॉलरबोनचं) छातीकडचं टोक पंचविशीच्या पुढं जुळतं. तिशी-चाळिशीनंतर मात्र अंदाजच असतो, तिथं "४५ वर्षं" असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाई की पुरुष हे कमरेच्या हाडावरून, तिथली मागची खाच बाईत रुंद असते, पुरुषात अरुंद. लहान लेकरांत हाडावरून ते सांगता येत नाही. शेजारी खंजीर सापडला म्हणून पुरुष आणि मणी सापडले म्हणून बाई असं तर कधीच ठरवायचं नाही.

माझं सगळ्यात जास्त सांगणं दातांबद्दल आहे, कारण आपल्या मातीत हाड विरघळतं, चुरतं, पण दात टिकतो. सुळ्याचा दात उजेडात तिरपा धरा, कधीकधी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या टणक आवरणावर, आडवी बारीक खाच दिसते, नख फिरवलं तर अडकते. दात हिरडीत तयार होत असताना त्या लेकराला मोठा ताप आला किंवा उपासमार झाली आणि तेवढे दिवस इनॅमल नीट चढलं नाही, त्याची ही खूण. खाच दाताच्या कुठल्या उंचीवर आहे त्यावरून तेव्हा ते साधारण किती वर्षांचं होतं हेही काढता येतं. अडीच हजार वर्षांपूर्वी एका आईनं आजारी लेकराजवळ रात्री काढल्या असतील आणि ते लेकरू जगलंसुद्धा, कारण खाचेच्या पुढं, हिरडीच्या बाजूला, दात पुन्हा नीट वाढलेला आहे.

दातातच खाण्याचं आणि पाण्याचंही कळतं. ज्वारी आणि धान ही दोन वेगळ्या प्रकारची झाडं आहेत, दोघांचा कार्बन वेगळा पडतो, त्यामुळे हा माणूस ज्वारीवर वाढला की धानावर याचा अंदाज लागतो. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य खाण्यापाण्यातून दातात उतरतं आणि ते खडकावर अवलंबून असतं, आणि इथं विदर्भ नशीबवान आहे. पश्चिमेला वऱ्हाडाकडं काळा बेसाल्ट, पूर्वेला भंडारा-गोंदियाकडं फार जुना खडक, दोघांचे आकडे वेगळे. दात लहानपणीच बनतो, म्हणून पूर्वेकडं वाढलेली आणि बेसाल्टच्या मुलखात पुरलेली बाई ओळखू येऊ शकते. डीएनए मात्र आपल्या उष्णतेत लवकर मरतो. हरियाणातल्या राखीगढीला ६०हून जास्त नमुने तपासून एकाच बाईचा डीएनए मिळाला होता, त्यावरचा पेपर २०१९ मध्ये आला. चान्स सगळ्यात जास्त कानाच्या आतल्या बाजूच्या टणक हाडात, म्हणून ते ग्लोव्हज आणि मास्क घालूनच हाताळायचं. डीएनए नाही मिळाला तरी इनॅमलमधल्या प्रोटीनवरून बाई-पुरुष कळू शकतं.

रोगाबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. डोळ्याच्या खोबणीच्या छताला बारीक छिद्रं दिसली की आपल्या भागात लगेच कोणीतरी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हणतं, पण रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ असतात, जंत, कुपोषण, मलेरिया, तेवढ्यावरून सिकलसेल ठरत नाही. आणि जो माणूस पटकन मेला त्याच्या हाडावर खूण उमटतच नाही, त्यामुळे स्वच्छ हाड म्हणजे तब्येत चांगली असंही नाही. तसंच "हा सांगाडा आमच्या जातीचा" किंवा "तुमच्या जमातीचा नाही" असं हाड पाहून कोणी म्हणालं तर त्याला पुरावा विचारा, जात हाडावर लिहिलेली नसते.

शिकायचं असेल तर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, आणि मानवशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र नागपुरातच आहे. तोपर्यंत अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाऊन महापाषाण काळातली, म्हणजे या दगडी गोलांच्या काळातली, भांडी आणि लोखंड नीट पाहा, गावातले दगडांचे गोल मोजून वहीत उतरवा, सातबाऱ्यावर कुठं रिठ, म्हणजे उजाड झालेलं जुनं गाव, लिहिलंय ते तलाठ्याकडून काढा. आणि कधी खोदकामात काम केलंच तर रिपोर्ट फक्त इंग्रजीत देऊन निघून येऊ नका, दोन पानं मराठीत, जमलं तर गोंडीतही, लिहून ग्रामपंचायतीत ठेवा, त्यात पेटीचा नंबर आणि ती सध्या कोणत्या कपाटात आहे हे लिहायला विसरू नका.