जुनी मिलिटरी जीप उभी करायचीय? आधी कागद, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

पावसाळा संपला की कोल्हापूर भागातून कुणीतरी फोटो पाठवतंच. उसाच्या बांधाला टेकलेली जीप, बॉनेटवर वेल चढलाय, चाकं अर्धी मातीत, आणि खाली एकच प्रश्न, "मालक म्हणतोय दुसऱ्या महायुद्धातली आहे, घेऊ का?" बहुतेक वेळा ती महायुद्धातली नसतेच, महिंद्राची असते. महिंद्राची असली म्हणून वाईट काही नाही, फक्त पैसे महिंद्राचेच द्यायचे.

१. आधी ओळख पटवा

महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली आणि पुढं कित्येक वर्षं तोच साचा चालत राहिला, म्हणून लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. युद्धातल्या जीप दोन कंपन्यांच्या, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर बनल्या. पहिल्यांदा समोरची जाळी मोजा. युद्धातल्या जीपला पत्र्यात कापलेल्या नऊ खाचा, नंतरच्या सिव्हिलियन सीजेला सात. बॉनेट उंच दिसत असेल तर ती सीजे-३बी, तिचं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेटही वर उचललं. मग पोटावर झोपून रेडिएटरच्या खालचा पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसीचा आडवा दांडा, बघा, गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा चॅनल असेल तर फोर्ड.

आणि टॉर्च सोबत ठेवाच. चिखल, ग्रीस खरवडून बोल्टच्या डोक्यावर उजेड तिरका पाडा, फोर्डच्या मूळ बोल्टवर, ब्रॅकेटवर बारीकसा इंग्रजी एफ उठलेला असतो. एखादा सापडला म्हणजे काही नाही, कुणीतरी दुसऱ्या गाडीचा बोल्ट लावला असेल, पण चॅसी, बॉडी, बंपर सगळीकडे तेच अक्षर दिसायला लागलं तर मग मालकासमोर चेहरा कोरा ठेवायचा आणि चहा मागवायचा. डॅशवरच्या पितळी-जस्ती पाट्यांवर मात्र विसंबू नका, त्या नव्या कोऱ्या ऑनलाइन मिळतात.

जीपच हवी असं काही नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली जोंगा, म्हणजे मुळात निस्सान पॅट्रोल, सहा सिलिंडर आणि जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, आवाज नाद खुळा, पण पंपावर गेलं की डोळ्यात पाणी. शक्तिमान ट्रक घ्यायचा विचार असेल तर आधी घरच्यांना नाही, शेजाऱ्यांना विचारा, लावणार कुठं.

२. कागद नसतील तर उठून या

हे मी हात जोडून सांगतो. आर्मीच्या गाड्या लिलावात लॉटने जातात, व्यापारी लॉट उचलतो आणि एकेक विकतो, त्यामुळे लिलावाचा कागद, डिफेन्सकडून गाडी सुटल्याचा कागद आणि व्यापाऱ्याचं विक्रीपत्र अशी साखळी तुटता कामा नये. आधीच पासिंग झालेली असेल तर आरसी बुक, आणि त्यावरचा चॅसी नंबर प्रत्यक्ष चॅसीवर आहे का ते स्वतः बघायचं. फोर्डचा नंबर डाव्या चॅसी पट्टीवर इंजिन माउंटच्या आसपास ठोकलेला असतो, विलीजचा पुढच्या बंपरच्या मागं डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेल्या पाटीवर. आरटीओत पेन्सिलने घासून चॅसी प्रिंट घेतात, म्हणून पुढं सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने सफाई, करताना त्या जागेवर टेप मारा, ग्राइंडर तर जवळही नेऊ नका, नंबर पुसला गेला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसाल.

पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आणले, नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. पण अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. आता आपल्या भागात पेट्रोल परवडत नाही म्हणून किती जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलंय ते तुम्हाला माहितीच आहे, तसली गाडी घेतली तर व्हिंटेजचा नाद सोडा. आणि व्हिंटेज नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतंच.

३. खोलायच्या आधी

फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप, दोन्ही बाजूंनी. नट-बोल्ट डब्यात एकत्र टाकू नका, पिशवीत चिठ्ठीसकट ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठं उभी होती तेही विचारा, मालक नाही म्हणाला तरी चॅसीच्या बंद पट्टीत भोकातून तार घालून फिरवा, बारीक गाळ बाहेर आला तर आतून गंज लागलाय हे धरूनच चला.

चाकं काढताना दोन गोष्टी. विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, जोर लावून तोडू नका. आणि युद्धातल्या जीपला दोन तुकड्यांची बोल्टवाली रिम असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिम जोडणाऱ्या नटांना पाना लावायचा नाही, हवा भरलेली असताना ती उघडली तर माणूस मरतो.

४. गंज

यात कोल्हापूरकरांना जगात कुणाला नाही असा फायदा आहे, मोलॅसिस, म्हणजे साखर कारखान्यातली मळी. एक भाग मोलॅसिस, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकचा ड्रम, आणि त्यात गंजलेला भाग बुडवून ठेवायचा. आठवडाभर काही होत नाही असं वाटतं, वर फेस येतो, वास असा सुटतो की घरात भांडण होतं, पण दोन-तीन आठवड्यांनी भाग काढून पाण्याच्या जोरात धुतला की गंज चिखलासारखा गळून पडतो आणि खाली करडं लोखंड, मूळ धातूला फारसा धक्का नाही. अॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग, म्हणजे कार्बोरेटर वगैरे, यात अजिबात टाकू नका, खाऊन टाकतं. धुतल्यावर त्याच दिवशी वाळवून प्रायमर मारायचा, आपल्या हवेत सकाळी धुतलेलं संध्याकाळी तांबूस होतं. मोलॅसिसवर एक्साइजचं बंधन असतं, तेव्हा कारखान्याच्या वॉचमनला गाठून कॅन भरायच्या भानगडीत पडू नका, पशुखाद्यवाल्याकडं रीतसर विचारा.

चॅसी सँडब्लास्टला द्यायला हरकत नाही. बॉनेट, साइडचे सपाट पत्रे देऊ नका, वाळूच्या माऱ्याने पापडासारखे वाकतात.

जुना रंग एकदम उडवू नका हेही सांगतो. एका कोपऱ्यात बारीक ओला पॉलिश पेपर घेऊन हळूहळू घासा, वरचा ऑइल पेंट, खालचा लाल, त्याखाली हिरवा, आणि नशीब असेल तर पांढरा आकडा किंवा पलटणीची खूण दिसायला लागते. दिसली की थांबा, फोटो काढा, माप घ्या. कोरड्या पेपरने घासायचं नाही, जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ फुप्फुसात कशाला.

५. इंजिन

बरेच दिवस बंद असलेली जीप ट्रॅक्टरला बांधून ओढत चालू करायची सवय आपल्याकडं आहे, ती सोडा, रिंगा तुटतात, रॉड वाकतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ ऑइल मिसळून ओता, चार-आठ दिवस तसंच राहू द्या, मग पुढच्या हँडलने हाताने फिरवा. फिरलं तर अर्धं काम झालं. विलीजचं इंजिन २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह, त्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, जुन्या शेतीपंपाच्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो.

आणि असा मिस्त्री मिळायला उद्यमनगरात एक चक्कर पुरे. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग एकाच गल्लीत होतं, ओव्हरसाइज पिस्टन मिळाला नाही तर लायनर बसवून मूळ मापावर आणतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेलेला असला की लोक अमेरिकेतून मागवतात, अरे, गोकुळ शिरगाव, शिरोलीला एवढ्या फाउंड्री आहेत, जुना मॅनिफोल्ड नमुना म्हणून पॅटर्न मेकरकडं द्या, ओतीव गार होताना आकसतं त्याचा हिशोब धरून तो साचा करतो. एका नगासाठी मोठी फाउंड्री दारात उभं करणार नाही, छोटा मोल्डिंगवाला गाठा, नाहीतर दोघं-तिघं मिळून ऑर्डर द्या.

पेट्रोलचं एक लक्षात ठेवा, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं आणि जुन्या रबराला, कॉर्कच्या पॅकिंगला ते सोसत नाही, होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घ्या. टाकी ड्रायव्हर सीटच्या खालीच असते, तिला घरी वेल्डिंग करू नका, रिकामी दिसली तरी आत वाफ असते, रेडिएटर-टाकीवाल्यांना माहिती असतं. ब्रेकचं तर काही राखूनच ठेवू नका, सगळं नवं, कारण सगळी चाकं एकाच सर्किटवर आहेत, एक होज फुटली की चारही गेले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, ओलं करून पुसा.

चालू झाली की दर आठवड्याला फिरवा. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बाहेर येते ती आपण सगळे बघतो, गाडी फिरती ठेवली की टिकते.

६. रंग

इथं सगळ्यांचा हिरमोड होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. गाडी खरी आर्मीची होती हे कारण चालत नाही. वाळूचा किंवा राखाडी रंग घ्या, मॅटमध्ये छान दिसतो, आणि डॅशच्या मागं हातभर जागेत सापडलेला मूळ रंग तसाच ठेवून वर क्लिअर मारा, बघणाऱ्याला तेवढं पुरतं. चकचकीत मेटॅलिक मारणाऱ्याला मात्र मी जीपवाला म्हणत नाही.

७. सामान

जेरीकॅन, फावडं, दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या, फील्ड टेलिफोन, कंपास, दुर्बीण. भंगारात मिळतं, पण खरं सामान सैनिक टाकळीसारख्या गावात, गडहिंग्लज-चंदगडकडच्या फौजींच्या घरांत माळ्यावर असतं. आजोबांकडून वस्तू घेतली तर नाव, पलटण, साल, कुठं वापरली ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या, त्याशिवाय ती नुसती पेटी. मेडल मात्र मागू नका, दिलं तरी घेऊ नका, ते घरातच राहू दे.

पितळेला पीतांबरी लावून चमकवू नका, सरकारी मालाची खूण म्हणून ठोकलेला बाण आणि तारीख झिजते. चामड्याच्या पट्ट्याला खोबरेल तेल नको, पावसाळ्यात बुरशी धरते, शिवण उसवली असेल तर चप्पल लाइनमधले कारागीर हाताने जाड दोऱ्यात छान घालून देतात. युद्धकाळातल्या कंपासच्या किंवा मीटरच्या डायलवर पिवळट-तपकिरी रंगाचे आकडे असतील तर काच उघडू नका, खरवडू तर मुळीच नका, त्यात रेडियम असू शकतं, अंधारात चमकत नसलं तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. तसली वस्तू कपाटात, पोरांच्या हातापासून लांब.

बंदूक, तिचे भाग, काडतुसं यांच्या वाटेला जाऊ नका, आर्म्स अॅक्ट लागतो आणि "शोसाठी आहे हो" हे पोलीस ऐकून घेत नाहीत. भंगारात गोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर उचलून वजन बघायचं नाही, हलवायचं नाही, माणसं लांब करून ११२ ला फोन लावायचा.