डबीच्या पिनहोल कॅमेऱ्यात फिल्म धुकट का येत होती

पिनहोल कॅमेऱ्याला लेन्स नसते, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून प्रकाश आत येतो. डबी गोल पत्र्याची, व्यास 50 मिमी, उंची 40 मिमी. 35 मिमीची फिल्म तिच्यात उभी बसते. निगेटिव्ह (धुतलेली फिल्म, प्रकाश पडेल तिथे काळी) दोनदा खराब आली. पण दोन्ही वेळचे डाग वेगळे होते, आणि त्यावरूनच दोष कळला. एका कडेला काळा पट्टा, म्हणजे झाकणाच्या फटीतून प्रकाश. सगळीकडे राखाडी धूर, म्हणजे आतला चकचकीत पत्रा.

पत्रा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मॅट काळा स्प्रे मारला. रंग थेट चकाकत्या पत्र्यावर मारला तर पापुद्रे सुटतात आणि फिल्मवर चिकटतात. झाकणाच्या आतल्या कडेला काळी लोकर बसवली, बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे.

बारीक भोक थेट डबीच्या पत्र्याला पाडू नये, ते वेगळ्या पातळ पत्र्याला पाडून तो तुकडा डबीच्या मोठ्या भोकावर बसवायचा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा घ्या, सुईचं फक्त टोक टेकवून गोल फिरवा, मागचा उंचवटा 600च्या पेपरने घासा. 0.3 मिमी हवं. स्कॅनरवर 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) साधारण 14 पिक्सेल भरतात.

फिल्मची 60 मिमीची पट्टी, दोन्ही टोकांना टेप, इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) भोकाकडे. पट्टी ज्या बाजूला वळते ती इमल्शनची. अंधारात बोटांना एवढंच कळतं. लाल दिवा साध्या फिल्मला चालत नाही, डार्क बॅगच (हात घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी) हवी.

एफ, म्हणजे भोकापासून फिल्मपर्यंतचं अंतर भागिले भोकाचा व्यास (50 भागिले 0.3), साधारण 167. 100 आयएसओच्या (फिल्मची प्रकाशाची संवेदनशीलता) फिल्मला कडक उन्हात हिशेबाने 1 सेकंद, प्रत्यक्षात 2 द्या.