हायब्रिड गाडीचे ब्रेक पॅड अकाली झिजले तर दोष कसा शोधायचा

हायब्रिड गाडीचे पॅड लवकर संपणं हेच मुळात संशयास्पद आहे. रोजच्या चालवण्यात वेग उतरवायचं बरंचसं काम मोटर करते. ती जनरेटरसारखी फिरते, चाकांना रोखते आणि तयार झालेली वीज बॅटरीत भरते. पॅड डिस्कला नेटाने धरतात ते शेवटच्या टप्प्यात, वेग ताशी १०-१५ किलोमीटरवर आला की, किंवा ब्रेक जोरात दाबला तर. त्यामुळे एक लाख किलोमीटर झाले तरी पहिलेच पॅड चालू आहेत, असं या गाड्यांत सर्रास दिसतं. तेच पॅड ३०-४० हजारांत संपले, तर "तुम्ही ब्रेक फार मारता" हे उत्तर लगेच मान्य करू नका. बहुतेक वेळा पॅड वापरून झिजलेला नसतो, अडकून झिजलेला असतो. ब्रेक कमी वापरला जातो, म्हणून डिस्क तापत नाही, ओल सुकत नाही, गंज धरतो, हलणारे भाग जाम होतात आणि एखादा पॅड दिवसभर डिस्कला घासत राहतो.

म्हणून पहिला नियम: जुने पॅड उतरवले की फेकू नका. कुठला पॅड कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. निम्मं निदान त्या आठ तुकड्यांवर लिहिलेलं असतं.

हात घालण्याआधी

काही हायब्रिड गाड्यांत नुसतं ड्रायव्हरचं दार उघडलं किंवा पेडलला पाय लागला, तरी गाडी बंद असताना ब्रेकचा पंप प्रेशर तयार करतो. त्या क्षणी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उतरवलेला असेल तर त्यातला पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, बाहेर सरकतो आणि मध्ये बोट असेल तर चिरडतं. स्मार्ट की गाडीपासून लांब ठेवा, १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही मिनिटं थांबा, मग काम सुरू करा. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर तार काढण्याआधीच तो सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी सैल केलेल्या स्थितीत) न्यावा लागतो. तसं न करता मागचा पिस्टन क्लॅम्पने रेटला तर आतली यंत्रणा तुटते. गाडी सपाट जागी, चाकांना अडण, आणि जॅकवर नव्हे तर स्टँडवर. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

ब्रेक ऑइलची लाइन किंवा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) घरी उघडू नका. बऱ्याच हायब्रिडमध्ये हवा काढायला स्कॅन टूल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लागतं.

मोजमाप

चाकाच्या आऱ्यांतून डोकावून पॅड "ठीक आहे" म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिथून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही. शिवाय मागचा पत्रा ५ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि तोच घाईत लायनिंग (पॅडचा झिजणारा थर) समजला जातो. व्हर्नियरने फक्त लायनिंग मोजा, वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळं. चार चाकं, दोन-दोन पॅड, दोन-दोन टोकं: एकूण १६ आकडे कागदावर यायला हवेत.

नवं लायनिंग साधारण १० ते १२ मिलिमीटरचं असतं. ३ वर आलं की बदलायची वेळ झाली. पण निदानासाठी उरलेल्या जाडीपेक्षा झिजेचा वेग महत्त्वाचा. समजा ३५,००० किलोमीटरमध्ये डाव्या पुढच्या चाकाचा आतला पॅड ११ वरून ४ वर आला, म्हणजे दर हजारी ०.२ मिलिमीटर. त्याच काळात उजवीकडचा ११ वरून ९.५ वर असेल, तर तिथला वेग जेमतेम ०.०४. ड्रायव्हरचा पाय दोन्ही चाकांवर सारखाच पडतो, तेव्हा पाचपट फरक त्याच्या सवयीने पडणं शक्य नाही. दोष त्या चाकात आहे.

डिस्कही मोजा. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली तर नवे पॅड लावणं व्यर्थ.

झीज काय सांगते

एकाच चाकाचा आतला पॅड जास्त झिजलाय: पिस्टन पुरता मागे येत नाही, किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना जाम झाल्याने तो सरकत नाही आणि सगळा जोर आतल्या पॅडवर येतो.

बाहेरचा जास्त झिजलाय: कॅलिपर दाबताना सरकतो पण सोडल्यावर परत फिरत नाही. पिनाच बघा.

एकच पॅड, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ: दोन पिनांपैकी एक अडकली आहे किंवा पॅडचा कान (टोकाचा पुढे आलेला भाग) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीत, रुतलाय.

एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेत: पिस्टन गंजलेला, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही.

फक्त मागची दोन्ही चाकं: पार्किंग ब्रेक पुरता सुटत नाही. इथे थोडी सबुरी हवी. मोटर पुढच्या चाकांना जोडलेली असेल तर वीज परत मिळवणारं ब्रेकिंग पुढेच होतं, त्यामुळे मागचे पॅड किंचित जास्त झिजले तर तो दोष नव्हे. डावी-उजवी तुलना करूनच ठरवा.

चारही चाकं समान वेगाने: आता कॅलिपरचा विचार सोडा आणि मोटरच्या ब्रेकिंगकडे वळा. त्याबद्दल खाली.

अडकलेला भाग पकडणं

गाडी उचलायच्या आधी एक सोपी चाचणी. १५-२० मिनिटं शांतपणे, हलक्या ब्रेकने चालवा आणि लगेच चारही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. नेम डिस्कच्या चकचकीत भागावर धरू नका, चमकत्या धातूवर आकडा खोटा कमी येतो. मधल्या मळकट, गंजक्या टोपीवर धरा. निरोगी हायब्रिडमध्ये अशा फेरीनंतर डिस्क जेमतेम कोमट असतात. एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात ३० अंशांहून जास्त तफावत असेल, तर गरम चाक आधी उघडा.

कॅलिपर उतरवून तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. आता पिना. पिन बोटांनी आत-बाहेर सरकायला हवी, तीही गुळगुळीत. बाहेर काढल्यावर ग्रीस तपकिरी, चिकट किंवा वाळलेलं असेल, अंगावर गंजाच्या रेघा असतील, तर रबरी बूट फाटून पाणी आत गेलंय. बूट बदला, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेला टोकाला रबराची बुशिंग असते. ती कुठल्या भोकातली हे लक्षात ठेवा. अदलाबदल झाली तर पिन अडकते. आणि तिथे साधं पेट्रोलियमचं ग्रीस भरलं असेल तर रबर फुगून पिन घट्ट बसते. हे काम आधीच्या सर्व्हिसमध्ये कोणीतरी मोठ्या प्रेमाने करून ठेवलेलं असतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा, तेही पातळ थरात. जास्त भरलं तर हवा कोंडते आणि पिन मागे ढकलली जाते.

यानंतर ब्रॅकेट, जे सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपमध्ये बसतात ती क्लिप वरून चकचकीत दिसते. ती उचला. खाली गंजाचा थर फुगून क्लिपला वर ढकलत असतो, खाच अरुंद होते आणि पॅड रुततो. तो गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीने मूळ धातूपर्यंत खरवडा, नवी क्लिप बसवा. पॅड बोटाच्या हलक्या जोराने खाचेत सरकायला हवा; हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर दोष अजून तिथेच आहे. पॅडचा कान घासून बारीक करणं हा उपाय नव्हे.

शेवटी पिस्टन. आधी ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. पॅड झिजताना कोणी ऑइल वर भरलं असेल तर पिस्टन रेटताना ते उतू जाईल आणि रंग खाईल. पिस्टन हळू, सरळ आणि एकसारख्या जोराने मागे जायला हवा. काही मागचे पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. धूळरोधक रबर फाटलं असेल किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर कॅलिपर बदला किंवा दुरुस्त करून घ्या.

चारही सारखे झिजलेत तर

मोटर ब्रेकचं काम करतेय का, ते तपासा. बॅटरी अर्ध्याच्या आसपास असताना मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून हलका, सलग ब्रेक दाबा. मीटरचा काटा चार्जच्या पट्ट्यात गेला पाहिजे. स्कॅन टूल असेल तर मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला रिजनरेटिव्ह टॉर्क (मोटरचा रोखणारा जोर) बघा. दोन्हींत मोठा फरक असेल तर कमी पडणारा भाग पॅड भरून काढतायत.

याचं एक कारण फार साधं आहे. हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने, केसांनी किंवा वर ठेवलेल्या सामानाने बंद होते. बॅटरी तापते, गाडी चार्जिंग आवरतं घेते आणि बोजा पॅडवर जातो. जाळी साफ करून चाचणी पुन्हा घ्या. बॅटरीचे सेल कमकुवत असले तरी परिणाम तोच. पूर्ण भरलेल्या बॅटरीत मात्र वीज घ्यायला जागाच नसते, तो दोष समजू नका. लांब घाट उतरताना तेच होतं, तेव्हा बी मोडमध्ये (गिअर लिव्हरवरचं B) वेग रोखायला इंजिनाची मदत घ्या.

उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय असेल तर कारण तिथेच सापडलं. न्यूट्रलमध्ये वीज परत मिळवणं बंद असतं, सगळं पॅडवर.

परत जोडल्यावर

बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आवळा. गाडी सुरू केल्यावर जागीच पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, मगच हलवा. ब्रेकचा अ‍ॅक्च्युएटर (प्रेशर तयार करणारा भाग) किंवा पेडलचा सेन्सर बदलला असेल तर स्कॅन टूलने इनिशियलायझेशन, म्हणजे नव्या भागाची गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळणी, करावंच लागतं.

पुढे आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, ताशी ५०-६० वरून चार-पाच वेळा ठाम ब्रेक मारा. डिस्कवरचा गंज पुसला जातो. गाडी धुतल्यावर लगेच पार्किंग ब्रेक लावून उभी करू नका, आधी दोन-चार ब्रेक मारून पॅड सुकवा. ५,००० किलोमीटरनंतर तेच १६ आकडे पुन्हा मोजा आणि जुन्या कागदाशेजारी लिहा. दुरुस्त केलेल्या चाकाचा वेग अजूनही शेजारच्या चाकाच्या दुप्पट असेल, तर राहिलेला संशयित रबरी नळी. ती वर्कशॉपमध्ये बदलून घ्या.